तेवीस किलोत काय काय बसवायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. घरातलं लेकरू युरोपात शिकायला चाललंय किंवा गेलंय, आणि सोबत काय न्यायचं, मागून काय पाठवायचं यावर चर्चा चालू आहे. माझी मुलगी २०२२-२३ च्या हिवाळी सत्राला जर्मनीत ड्रेस्डेनला होती. सप्टेंबरच्या शेवटी जळगावहून निघाली, मार्चमध्ये परत आली. तिची बॅग भरताना जे चुकलं आणि जे जमलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून या वेळी हाच विषय घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून तिची जर्मनीत एका सत्रासाठी निवड झाली. २५ सप्टेंबरला निघायचंय. विमानात २३ किलोची एक बॅग आणि हातात ८ किलो, एवढंच चालतं म्हणे. सासूबाईंनी घरचं तूप कढवून ठेवलंय, नणंदेने ज्वारीच्या बिबड्या आणि पापड पाठवलेत, मी काळा मसाला आणि लोणचं केलंय, यांचं म्हणणं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ दहा किलो तरी द्या. मुलगी म्हणते, मला फक्त जीन्स, जॅकेट आणि लॅपटॉप द्या. रोज संध्याकाळी बॅग भरतो आणि रोज रात्री रिकामी करतो. काय ठेवू, काय काढू? – एक आई, चोपडा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या तुपाचं बोलते, कारण तेच सांगायला सगळ्यात जड आहे. तूप देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर, सगळं त्यात आलं. घरचं आहे, थोडंच आहे, सीलबंद आहे, असली कुठलीही सबब चालत नाही. माझ्या सासूबाईंनी वीस दिवस साय साठवून दीड किलो तूप कढवलं होतं. स्टीलच्या डब्यात भरून, झाकणाला चिकटपट्टी लावून, वर जुन्या साडीचं फडकं बांधून दिलं होतं. तिथल्या विमानतळावर बॅग उघडायला लावली आणि तो डबा तिच्यासमोर कचऱ्याच्या पिंपात गेला. दंड झाला नाही, पण होऊ शकला असता. तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, उठून देवघरात गेल्या. सासूबाईंना आजच समजावून सांगा. तूप घरीच ठेवा, ती परत आली की पहिल्या दिवशी वरण-बट्टीवर ओतायला.

ताजी हिरवी मिरची, लिंबं, कढीपत्ता हेही काढून ठेवा. ताजी फळं, भाज्या, पानं आणि बिया नेण्यासाठी रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. पाच फळांना मात्र सूट आहे: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी. आपल्या केळ्याला तिथे दार उघडं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण नेऊ नका, चोपड्याची केळी मुंबईला पोचेपर्यंतच काळी पडतील. आणि ड्रेस्डेनच्या दुकानात मिळतात ती इक्वेडोर, कोलंबियाकडची. मुलगी ती पाहून म्हणाली होती, "आई, इथली केळी दिसायला छान, पण आपल्या रावेरच्या केळ्याचा वास नाही त्यांना."

आता काळा मसाला. हा मात्र नक्की द्या, आणि मनापासून द्या. तूरडाळ, तांदूळ, गव्हाचं पीठ, जिरं, हळद हे सगळं तिथल्या भारतीय किंवा तुर्की दुकानात मिळतं, थोडं महाग पडतं एवढंच. आपला खानदेशी काळा मसाला सहसा मिळत नाही. एका माणसाला पाच महिन्यांना अर्धा किलो पुष्कळ होतो. पूर्ण थंड झाल्यावर, ओलसर हात न लावता, पाव-पाव किलोच्या दोन पिशव्या करा आणि बाजारात पॅकिंगच्या दुकानातून मशीनने सील करून आणा. सील केल्यावर पिशवी दाबून बघा, कुठून हवा येते का. मग ती दुसऱ्या पिशवीत घाला. मसाल्याचं तेल कपड्यांना लागलं तर पाच धुण्यांत वास जात नाही. वर इंग्रजीत 'मसाल्याची पूड' असं लिहून कागद चिकटवा, म्हणजे विचारलं तर सांगायला सोपं जातं. मसाल्यात खोबरं भाजून वाटलेलं असतं, त्याची अडचण नाही. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी मात्र बॅगेत टाकू नका. त्यात तेल भरपूर असल्यामुळे विमानात ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि तपासणीत काढून ठेवायला लावतात.

लोणचं द्या, पण मोठ्या बॅगेतच. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ काही चालत नाही आणि लोणचं पातळात धरतात. पाव किलो पुरे. काचेच्या बरणीत नको. ठेचा द्यायचाच असेल तर तेलावर परतून कोरडा करून द्या.

बिबड्या हलक्या असतात, म्हणून चालतात, पण नुसत्या पिशवीत दिल्या तर तिथे चुरा निघतो. डब्यात उभ्या रचून भरा. कळण्याचं पीठ एक किलो द्या, दहा नको. भाकरीला सवड, तवा आणि परात लागते. परीक्षेच्या दिवसांत पोरी भात-वरणच करतात. माझ्या मुलीने दोन किलो पीठ नेलं होतं, त्यातलं सव्वा किलो तिने परतताना तिथल्याच एका मराठी मुलाला देऊन टाकलं. एका रविवारी तिने तुर्की दुकानातली मोठी जांभळी वांगी ओव्हनमध्ये भाजून भरीत केलं होतं. फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "धुराचा वास नाही, पण मसाला आपला आहे."

कुकर दोन लिटरचा द्या, पण घरातला ॲल्युमिनियमचा नको. तिथल्या वसतिगृहात गॅस नसतो, बऱ्याच ठिकाणी इंडक्शन शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचं भांडं तिच्यावर तापतच नाही. फ्रिजवर लावायचं चुंबक घेऊन दुकानात जा. भांड्याच्या बुडाला ते घट्ट चिकटलं तर ते चालेल. सोबत एक जास्तीचं रबर आणि शिट्टी द्या. आणि मुलीला एक गोष्ट मुद्दाम सांगा. तिथे छतावर धुराचा गजर असतो. मिरचीची खमंग फोडणी दिली की तो वाजतो, आणि गजरावरून अग्निशमन दलाची गाडी आली तर त्याचं बिल कधी कधी मुलांच्या नावावर पडतं. खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर, वर झाकण ठेवून फोडणी द्यायला शिकवा. शेवभाजी करायला बसेल तेव्हा हे आठवेल तिला.

कपड्यांचं आता. आपण जळगाव-चोपड्याची माणसं. मेमध्ये ४५ अंश सोसतो, पण थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सकाळी शेकोटीपुरती. त्यामुळे आपल्या मनात येतं की दहा स्वेटर द्यावेत. तसं नाही. तिथे घरात, वर्गात, बसमध्ये हीटर असतो. आत साधा कॉटनचा टी-शर्टच घालतात. थंडी बाहेर असते, आणि ती एका जाड स्वेटरने थांबत नाही, थरांनी थांबते. अंगाला चिकटून थर्मलचे दोन जोड, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा एक, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. मोठा कोट इथून घेऊ नका. एकट्या कोटाचं वजन दोन किलोपर्यंत जातं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची गरजही नसते. तिथे जुन्या कपड्यांच्या बाजारात आणि मोठ्या दुकानांत चांगला कोट मिळतो. माझ्या मुलीने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतला आणि मार्चमध्ये तिथल्याच एका मुलीला देऊन आली. बूट मात्र चांगले घेऊन द्या, ओल न शिरणारे. मोजे आणि आतले कपडे भरपूर द्या, कारण वसतिगृहात मशीन तळघरात असतं, त्याला दर वेळी पैसे पडतात, म्हणून मुलं धुणं आठ-दहा दिवस साठवतात. दिवाळीसाठी एक साडी किंवा पंजाबी ड्रेस ठेवाच. ती म्हणेल नको, तरी ठेवा.

एक डबा खोबरेल तेलाचा. ते २४ अंशांखाली गोठतं, म्हणून अरुंद तोंडाची बाटली देऊ नका. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी द्या, बोटाने काढता येईल अशी. हीटरच्या कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात, तिला रोज लागेल.

औषधांकडे कोणी लक्ष देत नाही, पण ती कोटापेक्षा महत्त्वाची. आपल्याकडे मेडिकलवाल्याला सांगितलं की गोळी मिळते. तिथे अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, आणि डॉक्टरची वेळ मिळायला दिवस लागतात. तुमच्या डॉक्टरांकडून तापाच्या, पोटाच्या, ॲलर्जीच्या गोळ्या आणि नेहमीचं काही चालू असेल तर ते लिहून घ्या. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, सही-शिक्क्याची हवी. गोळ्या कंपनीच्या पट्टीतच ठेवा, सुट्या डबीत काढू नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको. चष्मा असेल तर दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद.

हे सगळं वजनकाट्यावर ठेवा. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने धान्याच्या काट्यावर बॅग वजन करून दिली होती. पहिल्यांदा भरली ती ३१ किलो. रिकामी बॅगच ४ किलोची होती, हे तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा साडेचोवीस. तिसऱ्यांदा बावीस किलो चारशे ग्रॅम झाली. २३ पूर्ण भरू नका, विमानतळावरचा काटा आणि किराण्याचा काटा सारखाच असेल असं नाही.

आणि वजन बसलं तरी एक काम करा. तुमच्या मुलीला म्हणा, दोन्ही बॅगा एकटीने उचलून घराचा जिना चढून दाखव. आम्ही हे केलं नव्हतं. जळगाव स्टेशनचा पूल चढताना तिचे बाबा आणि काका बॅग घेऊन चालले होते आणि ती मोबाईल धरून मागे. तिथे विमानतळावरून रेल्वेने साडेचार तास, पुढे ट्राम, आणि वसतिगृहाची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिने एक-एक पायरी करत बॅग वर ओढली. त्या रात्री तिने फोन केला तेव्हा तिच्या आवाजावरून मला कळलं की बॅग माझ्या मनाच्या वजनाची भरली होती, तिच्या हाताच्या नाही.

म्हणून रोज भरून रोज रिकामी करणं थांबवा. बॅग तिला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा. ती बॅग पाच महिन्यांची नसते, ती पहिल्या दहा दिवसांची असते. त्यापुढचं सगळं तिथे विकत मिळतं. फक्त जे तिथे सहज मिळत नाही ते इथून: तुमचा मसाला, औषधं, चष्मा, कागदपत्रं. आणि पहिले दहा दिवस म्हणजे अगदी पहिला दिवसही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची एखाद-दुसरी सोडली तर. शनिवारी रात्री पोचली आणि बॅगेत खायला काही नसलं तर सोमवारपर्यंत उपास. ३ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, दोन-चार पाकिटं झटपट पोहे-उपम्याची, हे तिच्या हातातल्या बॅगेत.

त्याच हातातल्या बॅगेत कागद: पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, विमा, वसतिगृहाचा करार. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तेव्हा यातले काही कागद मागतात. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, सहा फोटो, आणि मोबाईलमध्येही ठेवा. दोनशे-तीनशे युरो रोख, छोट्या नोटांत. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद नको, ती बॅग दोन दिवस उशिरा येऊ शकते.

प्रश्न : मी शिरपूरचा. फेब्रुवारीत इटलीला, तूरिनला एका सत्रासाठी जातोय. लॅपटॉपचे प्लग तिथे चालतात का? कन्व्हर्टर घ्यावा लागेल का? घरचे म्हणतात पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाक, हातात वजन नको. – एक विद्यार्थी

उत्तर : पॉवर बँक मोठ्या बॅगेत कधीच टाकू नकोस, भाऊ. लिथियमची बॅटरी विमानाच्या पोटात पेटली तर विझवायला कोणी नसतं, म्हणून ती हातातल्या सामानातच लागते. १०० वॉट-तासापर्यंतची सहसा चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे तुझी बसेल. बॅटरीवर आकडा छापलेला असू दे. पुसला गेला असेल तर दुसरी घे, तपासणीत वाद नको.

कन्व्हर्टर लागत नाही. तिथे वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फरक फक्त प्लगच्या आकाराचा. मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर इटलीत बसतो. लॅपटॉपची आपली जाड तीन पिनांची वायर बसत नाही. इटलीत तीन पिना एका रांगेत असतात. एक चांगला अडॅप्टर घे, आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड ने. अडॅप्टर बोर्डाला लावलास की लॅपटॉप, मोबाईल सगळं एकाच ठिकाणी होतं. मात्र हीटर किंवा इस्त्री त्या बोर्डावर चालवू नकोस.

तुझं सत्र फेब्रुवारी ते जुलै, म्हणजे पहिले दोन महिने गार आणि मग हळूहळू उन्हाळा. जड कपडे कमी ने. आणि इटलीत पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी पोस्टातून अर्ज टाकावा लागतो. पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स आणि फोटो इथूनच ने. पहिल्या आठवड्यात नवीन शहरात झेरॉक्सचं दुकान शोधत फिरायला वेळ नसतो.

प्रश्न : नात युरोपात शिकायला गेली. दिवाळीला फराळ पाठवला तर पोचतो का? तिला मी कानबाईच्या सणाच्या रोटांपर्यंत सगळं शिकवलं, पण तिथे तुले कोन वाढी वं माय, एवढंच डोक्यात येतं. – एक आजी, अमळनेर

उत्तर : आजी, पोचतो. पण लवकर पाठवा, दिवाळीच्या निदान चार आठवडे आधी. शेव, चिवडा, चकली, शंकरपाळे, तेलातलं आणि कोरडं. तुपातले लाडू आणि खव्याचं काही नको, पोस्टाच्या खोक्यालाही तोच नियम लागू आहे. खोक्यावर इंग्रजीत 'भेट' असं लिहून आतल्या प्रत्येक वस्तूची किंमत खरी लिहा. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट तिथे बिनकराची असते.

चकली फुग्याच्या कागदात गुंडाळू नका, मधे मुरमुरे भरा. तिला तेही खाता येतात.

आणि वाढायचं म्हणता, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं. मग ती जर्मनी-इटलीकडे असेल तर आपल्यात आणि तिच्यात साडेचार तासांचा फरक पडतो. तिचं रात्रीचं जेवण आठला म्हणजे तुमचे साडेबारा, तेवढं जागू नका. तुम्ही साडेसातला जेवायला बसता तेव्हा तिथे दुपारचे तीन असतात, वर्गातून सुटून ती उशिराचं दुपारचं जेवण तेव्हाच उरकते. तुमचं ताट समोर आलं की तिला व्हिडिओ कॉल लावा. आमच्या सासूबाई रोज असंच करायच्या. फोन लोटीला टेकवून उभा ठेवायच्या आणि पहिलाच प्रश्न विचारायच्या, आज भाजी काय केली.